चिलटांचं केळं

ये गं, अशी जवळ सरक. तू समोर बसली आहेस असं धरूनच मी लिहायला घेतलंय, कारण फोनवर तू बसतच नाहीस. फोनवर तू कायम उभी. "मावशी, आईला गोळी दिली का? झोपली का? खाल्लं का? बरं, ठेवते." अगं, नर्सबाई आहेस का तू? तिची मुलगी आहेस. पुणं काही सातासमुद्रापार नाही. सकाळच्या गाडीत बसलीस तर घाट उतरून जेवायला इथं पोचशील. पण नाही. कधी माश्यांची नवी पिढी निघायची असते, कधी मशीन मोकळं मिळालेलं असतं, कधी मोठे साहेब परदेशातून आलेले असतात. मी रागावत नाही. म्हणजे रागावलेय, पण ते तू आल्यावर समोर बसवून रागावेन. आत्ता ऐक.

पहिल्यापासून सांगते. तुला यातलं निम्मं ठाऊक आहे, पण ते तू तुझ्या बाजूनं बघितलंस, मी चुलीपाशी बसून बघितलं. शिवाय उद्या हे आणखी कोणी वाचलं तर त्यालाही कळायला हवं, कोण बोलतंय आणि कोणाबद्दल. माझी शाळा चौथीत सुटली. पुढचं वाचन सगळं वाण्याच्या पुड्यांवर झालं. त्यामुळे माझ्या लिहिण्यातही मधूनच कागद फाटतो. सांभाळून घे.

तर आम्ही दोघी बहिणी. मी थोरली, कडावच्या बाजूला भातशेतीच्या घरात दिलेली. धाकटी म्हणजे तुझी आई, ती खोपोलीला. तुझे वडील साजगावच्या कारखान्यात होते. ते गेले तेव्हा तू फ्रॉकात होतीस. मग तिनं त्याच कारखान्याच्या कँटीनमध्ये चपात्या लाटल्या आणि तुला शिकवलं. तू शिकत गेलीस, शिकतच गेलीस, आणि शेवटी पुण्याला जाऊन माश्या पाळायला लागलीस.

हसू नकोस. आम्हाला तेवढंच कळलं होतं.

ती मे महिन्यातली दुपार तुला आठवत असेल. तुम्ही दोघी सुट्टीला माझ्याकडे आला होता. पडवीत रायवळ आंब्यांची पाटी होती आणि तिच्यावर चिलटांचं मोहोळ. तुझी आई टॉवेल घेऊन त्यांच्यावर तुटून पडली होती.

"आई, मारू नको गं. त्यांच्यावर माझं पोट चालतं," तू म्हणालीस.

ती थांबली. "ह्यांच्यावर? हीच तुझी ती फळमाशी?"

"हीच."

"मी कँटीनमध्ये हात भाजून घेतले ते तुला चिलटं मोजायला पाठवायला व्हय?"

"मोजत नाही काही. त्यांच्या अळीचा मेंदू बघते."

"अळीला मेंदू?"

"असतो की. तुझ्यासारखाच. फक्त कमी भांडखोर."

तिनं तो टॉवेल तुझ्या पाठीत घातला. मग तू सांगितलंस की तुमच्याकडे त्या माश्यांना मक्याचं पीठ, साखर आणि खमीर घालून लापशी शिजवतात आणि बाटल्यांत ओततात. हे ऐकून तर ती कमरेवर हात ठेवून उभीच राहिली. "ताय, ऐकलंस का? चिलटांना लापशी शिजवते ही. आईला कधी चहा करून दिला नाय."

मी भाकरीसाठी तांदळाची उकड काढली होती. तू परातीतून उकडीचा एक गोळा उचललास, एका बाजूला बोटभर गूळ चोपडलास आणि आम्हाला शिकवायला बसलीस. मेंदू ज्यांच्यापासून वाढतो त्या थोड्या पेशी असतात, म्हणालीस. हा गोळा त्यातलीच एक. हिची वाटणी होते, पण बरोबरीची नाही. फुटायच्या आधी ही पेशी गूळ सगळा एका अंगाला गोळा करते. मग त्या अंगानं एक लहान तुकडा सुटतो. तो गूळ घेऊन जातो, आणखी एकदा फुटतो, त्याच्या नसा होतात, तो कामाला लागतो. मोठा गोळा गुळाशिवाय राहतो, पुन्हा आईच राहतो आणि पुढची वाटणी करायला मोकळा होतो. असं करत करत अळीचा मेंदू तयार होतो आणि वेळ आली की आईसुद्धा थांबते.

"आणि गूळ त्या धाकट्याला मिळालाच नाय तर?" तुझ्या आईनं विचारलं. आयुष्यभर सगळ्यांना ताटं वाढलेली बाई, कोणाला काय कमी पडलं हे तिला आधी दिसायचं.

"तर त्याला कळतच नाही की आपण कोण व्हायचं. तोही आईसारखाच राहतो. मग दोन आया. दोनाच्या चार. कामाला कोणीच जात नाही, नुसत्या वाढत राहतात. डोकं भरून जातं."

"मंग?"

"मग गाठ. अळी मरते."

तू हे सांगताना त्या गोळ्याचे तुकडे करत होतीस, परातभर झाले होते, आणि शेवटचं वाक्य बोलून तू बोटाचा गूळ चाटलास. मला तेव्हाही ते बरं वाटलं नव्हतं. का ते सांगता आलं नसतं.

"त्या आईपेशीला नाव काय म्हणालीस?" तिनं विचारलं.

"मूलपेशी."

"म्हंजे मूल हाय व्हय ते!"

"मूल नाही गं. मूल म्हणजे मूळ. झाडाचं मूळ असतं ना, तसं."

"मंग मूळ म्हण की सरळ. मूल काय म्हणतेस? आमी मूल म्हटलं की पोरच समजणार."

पुस्तकातला शब्द तसाच आहे, तू म्हणालीस. तिनं पुस्तकाला एक शिवी घातली आणि आपलं तेच धरून बसली. त्यानंतर कित्येक दिवस फोनवर ती पहिलं हेच विचारायची. "तुझी मुलं कशी हायत गं? दूध पितात का?" तूही सुधारणं सोडून दिलंस. "मजेत आहेत, आजीला विचारतात," म्हणायचीस. घरातली गंमत होती ती. असल्या गंमती घरोघर असतात, त्यांच्यावर कोणी नजर ठेवत नाही.

दुखणं आलं ते असं चोरपावलांनी. आधी पहाटे डोकं दुखायचं. चहा पोटात ठरायचा नाही. पित्त म्हणून तिनं सुंठ खाल्ली. मग एकदा माझ्याकडे आलेली असताना आमटीला पळी मागायची होती, तर म्हणाली, "ताय, ती खिडकी दे." मी हसले. तीही हसली, पण हसता हसता हाताकडे बघत राहिली, त्या हातातून वाटी सुटली होती. नंतर कर्जतच्या बाजारात, जिथं ती लहानपणापासून आलेली, तिथं तिला स्टेशनचा रस्ता सापडेना. भाजीवालीनं ओळखलं म्हणून माझ्या लेकाला फोन आला. तो गेला तेव्हा ती पालेभाजीच्या गोणत्यावर बसून होती आणि त्याला "साहेब" म्हणाली.

मुंबईच्या इस्पितळात डॉक्टरांनी तिच्या डोक्याचा फोटो उजेडावर लावला. मला त्यात काही कळलं नाही, ढगाळ दिसलं. पण मी फोटोकडे बघतच नव्हते, मी तुझ्याकडे बघत होते. डॉक्टर बोलायच्या आधी तुझा चेहरा उतरला. तेव्हाच मला कळलं.

बाहेर बाकावर ती तुला म्हणाली, "तुझ्या चिलटांसारखीच ना गं? गूळ नाय मिळाला म्हणून?"

तू म्हणालीस, "माणसाचं इतकं सोपं नसतं, आई. माशीचं जसंच्या तसं माणसाला लागत नाही."

"पण तसंच काहीतरी."

"हो. तसंच काहीतरी."

"म्हंजे मूलपेशीच."

तू हो म्हणालीस. तिला शांत करायला म्हणालीस हे मी पाहिलं आहे. तिच्या केसांवरून हात फिरवत म्हणालीस. हे लक्षात ठेव, पुढं लागणार आहे.

पहिलं ऑपरेशन झालं. निघेल तेवढं काढलं, राहिलं ते राहिलं. मग मशीनखाली शेक दिले, केस गेले, आणि तिला मी माझ्याकडे आणलं. खोपोलीची खोली बंद केली. त्या वेळी तू येत होतीस. शनिवारी यायचीस, तिला न्हाऊ घालायचीस, कपाळाला तेल लावायचीस. गावातले लोक मला येऊन सांगायचे, "तुमची भाची डोक्याचंच शिकते ना? मग काय काळजी?" मी मान डोलवायची. तुझ्याही कानावर ते जायचं. तू तेव्हा ताटावरून लवकर उठायचीस.

आणि मग गाठ परत वाढली. मुंबईचे डॉक्टर म्हणाले, पुन्हा एकदा उघडून बघता येईल. तोवर तुझ्या आईचं बोलणं बरंच गेलं होतं. तरी तिला उघडायचं म्हणजे काय ते बरोबर कळलं. तिनं दोन्ही हात डोक्यावर ठेवले.

"नाय. मूल हाय आत. त्याला हात लावायचा नाय."

डॉक्टरांना काही समजेना. तू तिच्या पलंगाशी गुडघ्यावर बसलीस. "आई, मूल नाही गं. ती गाठ आहे. काढायला हवी."

तिनं तुझ्याकडे असं बघितलं, जसं कँटीनमध्ये कोणी ताट टाकून दिलं तर बघायची. म्हणाली, "तूच म्हणालीस ना, मूल हाय म्हणून?"

बस्स. तू उठलीस आणि खोलीबाहेर गेलीस. मी मागं आले तर तू जिन्यात भिंतीला टेकलेली. "मावशी, माझ्या एका शब्दापायी," एवढंच बोललीस. त्या दिवशी आम्हाला गाडीत बसवून दिलंस आणि तू पुण्याला गेलीस, ती गेलीसच.

आता तू बाहेर गेल्यावर आत काय झालं ते ऐक. फोनवर दोनदा सांगायला गेले, एकदा तुला रेंज नव्हती, एकदा तुझी मीटिंग होती. मी डॉक्टरांना सरळ विचारलं, "तिनं हो म्हटलं असतं तर?" त्यांनी तिच्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं. म्हणाले, "आजी, थोडे दिवस वाढले असते. अंथरुणातलेच. बोलणं त्यातच पूर्ण गेलं असतं. जबरदस्ती करून मिळवावं असं त्यात काही नाही." तुला हे माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असणार, तुझं सगळं शिक्षणच त्यातलं. पण ठाऊक असणं वेगळं आणि पटणं वेगळं. ती त्या शब्दामुळेच नाही म्हणाली का, हे मला खरंच सांगता येत नाही. असेलही. ती डोक्यानं धड असती तर त्या शब्दाला हसली असती, हेही तितकंच खरं. धड नव्हती कारण गाठ होती. शब्द तुझा होता गं, गाठ तुझी नव्हती.

आता घरची हकीकत. गोड करून सांगत नाही.

ती आता एकाच कुशीवर निजते. दुसऱ्या कुशीवर वळवलं तर ओरडते, मूल दबतं म्हणते. म्हणायची, म्हणजे. डोक्याला कायम फडकं लागतं, त्याला वारं बाधेल म्हणून. या उन्हात फडकं घामानं भिजतं, खाली पुरळ उठलंय, पण सोडू देत नाही. मी एकदा तिच्या कलानं घ्यायचं म्हणून विचारलं, "कोण हाय गं आत? मुलगा की मुलगी?"

मी अगदीच खुळी असल्यासारखं तिनं माझ्याकडे बघितलं. "माझी पोर. फ्रॉकात हाय."

कळलं का तुला? तू आहेस आत. तिनं डॉक्टरांपासून तुला लपवलं होतं. हे वाचून तुला बरं वाटेल की आणखी लागेल, मला माहीत नाही. लागलं तर लागू दे. मला ते रोज लागतं, मी एकटीनं किती दिवस बाळगू?

शब्द एकेक करून गेले. पाणी गेलं, भात गेला. मी ताय होते, ती आई झाले, आता मी कोणीच नाही. "पोर" तेवढं बरेच दिवस टिकलं. माझी सून एकदा केळ्यांच्या फणीवरची चिलटं फडक्यानं झटकत होती, तर ही अंथरुणातून अशी काही किंचाळली की शेजारची माणसं धावून आली. "पोरीची हायत! पोरीची हायत!" तेव्हापासून आमच्याकडे चिलटं मारत नाहीत. तिच्या खिडकीत बशीत एक पिकलेलं केळं ठेवायचं, काळं पडलं की दुसरं. सुनेला आधी किळस यायची. "घरात माणूस आजारी आणि आपण चिलटं पाळतोय," म्हणायची. आता तीच न सांगता केळं बदलते. साऱ्या घरात चिलटं झालीत. चहात पडतात, दिव्याभोवती फिरतात, पेज भरवताना चमच्यावर बसतात. खिडकीतून समोर माथेरानचा डोंगर दिसतो, पण ती तिकडे बघत नाही. डोळे त्या बशीवर. त्यातलं एखादं चिलट उडालं की बुबुळं त्याच्या मागं जातात. तेवढीच तिची हालचाल.

पेजही आता नीट उतरत नाही. ठसका लागतो, अर्धी बाहेर येते. मी तिला मांडीवर टेकवून भरवते. मी थोरली, लहानपणी अशीच भरवलेली. तेव्हा ती थुंकायची आणि हसायची. आता नुसतीच बाहेर येते. कर्जतचे डॉक्टर परवा घरी येऊन गेले. नाडी बघितली, हात धुतले, आणि पडवीत चपला घालता घालता माझ्या लेकाला म्हणाले, "कोणाला बोलवायचं असेल तर बोलवून घ्या." लेकानं मला सांगितलं नाही, पण मी दाराआड होते.

म्हणून बोलवतेय.

तू त्या दुपारी उकडीचा गोळा घेऊन जे दाखवलंस ते मी पुष्कळदा मनात घोळवलं. ज्याला गूळ मिळतो तो आईपासून सुटतो आणि आपल्या कामाला जातो, तेच बरोबर, नाही का? आईपाशी आईसारखंच होऊन राहणं, तेच तर दुखणं. तुझ्या आईनं तुझ्या वाट्याला सगळा गूळ दिला, स्वतःला ठेवला नाही, आणि तू गेलीस. त्यात तुझं काहीच चुकलं नाही. गावात कोणी काही बोलतं तर मी त्याला हेच सांगते, त्याला कळत नाही ते सोड. पण पेशी एकदा सुटली की परत येत नसेल. तुझ्यासाठी कर्जतला गाडी थांबते.

खोटं आमिष दाखवत नाही तुला. ती तुला ओळखेल असं सांगता येत नाही. तिची पोर फ्रॉकात आहे, तू चष्मा लावून दारात उभी राहशील. बहुतेक बशीकडेच बघत राहील. तू तिच्या शेजारी बसायचं आणि ती बघते तिकडेच बघायचं. कोणतं नर, कोणतं मादी, तुला तर लांबून कळतं, ते तिला सांग. मूल म्हण, मूळ म्हण, तिच्याशी काहीही बोल. मी सुधारणार नाही.

निघालीस की फोन कर, लेक स्टेशनवर गाडी घेऊन येईल. रात्रीचं निघू नकोस. फळं-बिळं काही आणू नकोस, केळी घरात आहेत. फक्त लवकर ये गं, बाई. या आठवड्यातच ये.